लॉ, केऑस आणि न्यूट्रल: शिन मेगामी टेन्सेईच्या अलाइनमेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिन मेगामी टेन्सेई ही जपानी व्हिडिओ गेमची मालिका खेळायला घेतली की आपल्याकडच्या पोरापोरींचे प्रश्न ठरलेले असतात. कुणी रंकाळ्यावर कणीस खाताना विचारतं, कुणी राजारामपुरीतल्या कॅफेत शेजारच्या खुर्चीवरून, कुणी रात्री उशिरा मेसेज टाकून. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. सहाव्या प्रश्नापासून पुढे कथेतली वळणं उघड सांगितली आहेत. कोरं राहून खेळायचं असेल तर पाचव्यालाच थांबा.

१. अलाइनमेंट म्हणजे आपण चांगलं वागतो की वाईट, तेच ना?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. हा खेळ तुमचं पाप-पुण्य मोजत नाही. उद्याचं जग कसं असावं असं तुम्हाला वाटतं, ते तो हळूहळू काढून घेतो.

लॉ म्हणजे वर एक नियंता, त्याचा एकच नियम आणि त्या नियमात राहणाऱ्याला संरक्षण. केऑस म्हणजे नियंताच नको. ज्याच्या मनगटात जोर त्यानं जगावं, जुने देव, दैत्य आणि माणसं एकमेकांत मोकळी वावरावीत. लॉमध्ये शांतता मिळते, पण स्वतःचं डोकं गहाण पडतं. केऑसमध्ये मोकळीक मिळते, पण दुबळा चिरडला जातो. न्यूट्रलवाला दोघांनाही नाही म्हणतो आणि माणसांचं माणसांनी बघावं असं धरून चालतो.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की पेठेतला माणूस कुठल्या बाजूला उभा राहतो, ते संघाच्या पुण्याईवर ठरत नाही. तो कुठल्या गल्लीत वाढला, कुणाच्या खांद्यावर बसून पहिली मॅच बघितली, यावर ठरतं. लॉ आणि केऑस या अशाच बाजू आहेत. दोन्हीकडे जिवाला जीव देणारी माणसं आहेत आणि दोन्हीकडे डोकं फिरलेलीही आहेत.

२. ही कल्पना आली कुठून?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा कागद-फाशांचा खेळ १९७४ साली आला, त्यात लॉ, न्यूट्रल आणि केऑस अशा तीनच बाजू होत्या. चांगलं-वाईट ही दुसरी रेघ नंतर जोडली गेली आणि त्यातून आज सगळ्यांना माहीत असलेले नऊ चौकोन तयार झाले.

जपानमध्ये १९८७ साली फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या खेळयंत्रावर पहिला मेगामी टेन्सेई आला. शत्रूशी, म्हणजे डीमनशी (देव, दैत्य, भुतं सगळे त्यात आले), बोलून त्याला आपल्या बाजूला वळवायची सोय त्यातच होती. पोकेमॉन १९९६ चा, म्हणजे त्याच्या कितीतरी नंतरचा. पुढे १९९२ साली अ‍ॅटलसनं सुपर फॅमिकॉमवर शिन मेगामी टेन्सेई काढला आणि डीमनशी बोलणी व लॉ-केऑस या दोन गोष्टी एकत्र घट्ट बांधल्या. तुम्ही कोणाला सोबत घेता आणि तुम्ही कोणत्या बाजूचे आहात हे प्रश्न तिथून पुढे वेगळे राहिलेच नाहीत. माझ्या मते मालिकेचा खरा जन्म तोच.

३. मग लाइट आणि डार्क काय भानगड आहे?

ती दुसरी रेघ. लॉ-केऑस आडवी धरली तर लाइट-डार्क उभी. डीमन किती तेजस्वी आणि किती मलीन, ते ती सांगते. देवदूत लाइट-लॉ असतात, सैतानी राजे डार्क-केऑस. म्हणजे केऑसचा असूनही लाइट असलेला देव असू शकतो, आणि केऑस म्हणजे काळोख हा समज तिथंच गळून पडतो.

खेळताना या रेघेचा उपयोग साधा आहे: जुन्या भागांत डार्क डीमन बोलून पार्टीत, म्हणजे तुमच्या लढणाऱ्या टोळीत, येत नाहीत. भुतं, सडलेली प्रेतं, चिखलाचे गोळे यांच्याशी बोलणी होत नसतात. ते हवे असतील तर दोन डीमनांचं फ्यूजन करूनच, म्हणजे दोघांना एकत्र करून तिसरा बनवूनच मिळवायचे.

४. माझं अलाइनमेंट बघून डीमन पार्टीत यायला नकार देतात का?

कुठला भाग खेळताय त्यावर आहे.

१९९२ च्या पहिल्या भागात आणि १९९४ च्या दुसऱ्यात हे बंधन कडक आहे. तुम्ही लॉकडे झुकलात तर केऑसचे डीमन तुमच्याबरोबर लढत नाहीत, केऑसकडे गेलात तर लॉचे पाठ फिरवतात. मेहनतीनं जमवलेली फौज एका संवादानंतर निरुपयोगी होऊ शकते. चिडचिड होते, मान्य आहे. पण विचार बदलला की सोबती बदलतात, हे दुसऱ्या कुठल्या खेळानं इतक्या सरळ नियमातून दाखवलेलं मला माहीत नाही. त्यातच पहिल्या भागात बाहेर काढलेला प्रत्येक डीमन पावलागणिक मॅग्नेटाइट नावाचं इंधन खातो, म्हणजे साथ फुकट मिळत नाही.

मालिकेतल्याच २००९ च्या स्ट्रेंज जर्नीत हेच उलट्या बाजूनं येतं, शिक्षेऐवजी बक्षीस म्हणून. शत्रूच्या कमजोरीवर घाव बसला की तुमच्याच अलाइनमेंटचे डीमन मिळून जादा हल्ला करतात. त्यामुळे एका मताची पार्टी शत्रूला जड पडते. मिश्र पार्टीत वेगवेगळ्या ताकदी मिळतात, पण तो एकजुटीचा घाव मिळत नाही. मला ही पद्धत सगळ्यांत जास्त आवडते, कारण कुणीही दार बंद करत नाही आणि तरी निवडीला वजन राहतं.

नंतरच्या भागांत, म्हणजे तिसरा भाग नॉक्टर्न, चौथा आणि पाचवा यांत, हे कुंपण जवळपास काढून टाकलं. आता आड येते ती लेव्हल: डीमन तुमच्याहून वरच्या लेव्हलचा असला की बोलणी कितीही गोड होवोत, तो लगेच पार्टीत येत नाही. शिवाय चंद्र बघायची सवय ठेवा. नॉक्टर्नमध्ये आकाशातला कागुत्सुची, म्हणजे तिथला चंद्रासारखा वाढणारा-घटणारा गोळा, पूर्ण भरला की डीमन इतके चेकाळतात की बोलणंच होत नाही.

बाकी बोलणी म्हणजे घासाघीसच. तो माक्का (खेळातले पैसे) मागणार, मग एखादी वस्तू, मग थोडं रक्त, आणि सगळं घेऊन पळूनही जाणार. आधी थोडं द्या, तिसऱ्या मागणीला त्याचा स्वभाव ओळखून ठरवा. लहान पोरासारखा बोलणारा आणि रुबाबात बोलणारा, दोघांना एकच उत्तर चालत नाही.

५. गुण कुठं दिसतात? लई शोधलं, मेनूत काहीच नाही.

बऱ्याच भागांत ते मुद्दाम लपवलेत. कथेत कोणाचं काम केलंत, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलंत, कोणाला जिवंत सोडलंत, याचे आकडे आतल्या आत जमत राहतात. काही प्रश्न तर इतके सहज येतात की ते मोजले जाताहेत अशी शंकाही येत नाही.

लपवण्यामागं कारण आहे. आकडा समोर दिसला की माणूस आकड्यासाठी उत्तर देतो. दिसला नाही की मनातलं देतो.

६. पहिल्या भागात गोतोऊ की थॉरमन? कुणाचं ऐकू?

टोकियोत डीमन घुसलेत. सेनापती गोतोऊ म्हणतो, हे आपले जुने देव आहेत, त्यांच्याशी हातमिळवणी करू. अमेरिकेचा राजदूत थॉरमन म्हणतो, सगळे डीमन संपवा, त्यासाठी शहर गेलं तरी चालेल. दोघंही तुम्हाला समोरच्याचा जीव घ्यायला सांगतात. तुम्ही एकाचं ऐका, दुसऱ्याचं ऐका, नाहीतर दोघांनाही नकार द्या. क्षेपणास्त्रं पडायची ती पडतातच.

त्यावर पुष्कळ जण म्हणतात, मग निवडीला अर्थ काय? अर्थ पुढं कळतो. तुम्ही ३० वर्षांनंतरच्या टोकियोत परतता. जग बेचिराख झालंय आणि त्या राखेतून लॉचा मेसिया पंथ आणि केऑसचा गाया पंथ उभे राहिलेत. एकत्र निघालेले दोन मित्र आता समोरासमोर आहेत. तुमच्या उत्तरानं बॉम्ब थांबला नसेल, पण राखेत तुम्ही कोणाच्या शेजारी उभे राहणार ते मात्र त्या उत्तरापासूनच ठरायला लागलेलं असतं.

७. न्यूट्रल म्हणजे कुंपणावर बसणं. त्यात काय मर्दुमकी?

खेळून बघा. न्यूट्रल हा या मालिकेतला सगळ्यांत महाग रस्ता आहे. पहिल्या भागात लॉवाला केऑसच्या असुराशी भिडतो, केऑसवाला लॉच्या देवदूत मिखाएलशी. न्यूट्रलवाल्याला दोघांनाही पाडावं लागतं, आणि त्याच्या मागं कुणाचा पंथ उभा नसतो.

चौथ्या भागात हे आणखी टोकाला नेलंय. तिथं न्यूट्रलची खिडकी अरुंद आहे, एखाद-दुसऱ्या ठाम उत्तरानं तुम्ही इकडे नाहीतर तिकडे पडता. आणि मिळालाच तो रस्ता, तर टोकियोभर हिंडून लोकांची छोटीमोठी कामं करत त्यांच्या आशेनं एक पेला भरावा लागतो. कुणाचं हरवलेलं शोधून द्यायचं, कुणाच्या वाटेतला डीमन मारायचा. खेळणारे याला कंटाळवाणं म्हणतात. मला ते बरोबर वाटतं. माणसांच्या बाजूनं उभं राहायचं तर माणसांची कामं करावीच लागतात, घोषणा देऊन भागत नाही.

१९९४ च्या दुसऱ्या भागाची गोष्ट तर याहून धाडसी आहे. लॉचा रस्ता धरा, केऑसचा धरा, न्यूट्रलचा धरा, शेवटची लढाई खुद्द वायएचव्हीएचशीच, म्हणजे बायबलमधल्या देवाशीच होते. लॉचा माणूससुद्धा देवासमोर उभा राहून म्हणतो की तू तुझाच नियम मोडलास. नियमावर निष्ठा आणि नियम सांगणाऱ्यावर निष्ठा यांतला फरक १९९४ सालच्या एका कार्ट्रिजमध्ये दाखवलाय.

८. नॉक्टर्नमध्ये लॉ-केऑस कुठंय? मला तर भलतेच तीन शब्द दिसतात.

२००३ च्या नॉक्टर्ननं जुनी चौकट बाजूला ठेवली. जग सुरुवातीलाच संपतं. टोकियो एका गोलाच्या आतल्या बाजूला गुंडाळलं जातं, मधोमध कागुत्सुची तळपतो, आणि नवं जग कसं घडवायचं याचा विचार घेऊन तीन माणसं पुढं येतात.

हिकावाचा शिजिमा म्हणजे स्तब्धता. कुणाला इच्छा नाही, कुणाला दुःख नाही, सगळे एका यंत्राचे भाग. चियाकीचा योसुगा म्हणजे बळी तो कान पिळी, तेही अभिमानानं. इसामूचा मुसुबी म्हणजे प्रत्येकाला आपलं वेगळं जग, कुणाचा कुणाशी संबंध नाही.

यांतले चियाकी आणि इसामू तुमचे वर्गमित्र आहेत, हे विसरू नका. एकटेपणात आणि भीतीत माणूस कुठल्या विचाराला जाऊन चिकटतो, ते या दोघांत दिसतं. इसामूला कुणी वेळेवर सोडवायला गेलं नाही, म्हणून त्याला कुणाचीच गरज नसलेलं जग हवंसं झालं. मुसुबी हा मला तिघांत सर्वांत ओळखीचा वाटतो. खोलीचं दार लावून, कानात हेडफोन घालून आठवडे काढणारी मुलं आपल्या शहरातही आहेत, आणि त्यांना इसामूचं बोलणं वेडेपणाचं वाटत नाही.

तिघांनाही नाकारून जुनं जग परत मिळवायचा रस्ता आहे. धड कुणाचंच न ऐकता, धड कुणाला नकारही न देता राहिलात तर नवं जग जन्मतच नाही, तोही एक शेवट आहे. शिवाय नंतरच्या मॅनिअ‍ॅक्स आवृत्तीत आणि आताच्या एचडी रीमास्टरमध्ये अमालाचा चक्रव्यूह आहे, ज्याच्या मजल्यांना कल्प म्हणतात. तळापर्यंत उतरलात की माणूसपण सोडून ल्युसिफरच्या फौजेत गेल्यातच जमा, मग बाकीचे शेवट बंद. उतरण्याआधी वेगळी सेव्ह ठेवा.

९. चौथ्या भागातला वॉल्टर व्हिलन आहे का?

हा प्रश्न कोल्हापुरात विचारला जातो याचं मला दरवेळी नवल वाटतं.

टोकियोच्या वर वसलेल्या मिकाडोच्या राज्यात दोन वर्ग आहेत. वरच्यांना लक्झरर म्हणतात, खालच्यांना कॅज्युअलरी. जोनाथन वरचा, वॉल्टर खालचा. दोघंही सामुराई होतात, दोघंही तुमचे जिवलग. जोनाथन लॉकडे जातो, वॉल्टर केऑसकडे. यात योगायोग काहीच नाही. ज्याला व्यवस्थेनं जपलं त्याला ती टिकावीशी वाटते, ज्याला तिनं खाली दाबलं त्याला ती मोडावीशी वाटते.

त्याच राज्यात खालच्या वर्गानं पुस्तकं वाचणं वर्ज्य आहे. काळी सामुराई चोरून पुस्तकं वाटते, आणि ती वाचणारे डीमन होतात. राज्यकर्ते म्हणतात, बघा, म्हणूनच वाचू नका. १९०२ साली शाहू महाराजांनी इथल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या आणि १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. त्या गावच्या माणसाला मिकाडोचा हा कायदा बघून पोटात खड्डा पडायला हवा. ज्ञान खालपर्यंत गेलं तर राज्य बुडेल, हा युक्तिवाद इथंही केला गेला होता.

म्हणून वॉल्टर व्हिलन नाही. त्याचा राग खरा आहे. चूक पुढं होते: दाबणाऱ्यांना हटवून सगळ्यांना सारखं करण्याऐवजी तो बलवानांचं राज्य मागतो, आणि त्यात त्याचेच लोक पुन्हा खाली जाणार असतात. जोनाथनचंही तसंच. तो मनानं मऊ आहे, पण ज्या शांततेसाठी तो जीव देतो ती टोकियोतल्या माणसांच्या प्रेतांवर उभी राहणार आहे. हा भाग २०१३ चा, आणि लिखाण काही जागी घाईचं आहे. मात्र माणूस विचारसरणीपर्यंत कसा पोचतो हे मालिकेत इतकं स्वच्छ दुसरीकडे आलेलं नाही.

१०. आपल्या शंकराला, लक्ष्मीला डीमन म्हणतात. हे खपवून कसं घ्यायचं?

रागावण्याआधी त्या यादीत आणखी कोण आहे ते बघा. मिखाएल आहे, ओडिन आहे, जपान्यांची स्वतःची अमातेरासू आहे, आणि बर्फाचा बाहुला जॅक फ्रॉस्टही आहे. जे जे माणसापलीकडचं, ते सगळं एकाच वहीत लिहिलंय. कमीपणा द्यायचा म्हणून तो शिक्का मारलेला नाही.

शंकराला तर फार वरचं स्थान दिलंय. नॉक्टर्नमध्ये तो साध्या फ्यूजननं मिळत नाही. बालीच्या परंपरेत एकमेकांचे कायमचे वैरी असलेले रांगडा आणि बारोंग एकत्र करावे लागतात. दोन टोकं विरघळली की शिव उरतो. हे ज्यानं सुचवलं त्यानं अभ्यास केला होता. पाचव्या भागात तो ९६ लेव्हलचा आहे आणि भल्याभल्यांची पार्टी दोन फेऱ्यांत झोपवतो.

२०१६ च्या फोर अपोकॅलिप्समधला (चौथ्याचाच जोडभाग) कृष्ण मात्र मला पटला नाही. अनेक देशांच्या देवांची आघाडी करून तो लॉ आणि केऑस दोघांच्या विरोधात उभा राहतो, ही कल्पना चांगली आहे. पण त्याला नुसता गोडबोल्या कारस्थानी करून टाकलंय. ज्याच्या तोंडी कर्म आणि निष्कामतेचा सगळ्यांत मोठा वाद आहे त्याला या खेळात मुद्देसूद बोलू दिलं असतं, तर चौथी बाजू उभी राहिली असती.

आणि अंबाबाईला रोज जाणाऱ्या कुणाला हे सगळं नकोसं वाटलं, तर त्यानं खेळू नये. त्याला हसू नका.

११. पर्सोनामध्ये अलाइनमेंट आहे का?

नाही. पर्सोना ही यातूनच फुटलेली वेगळी मालिका, तिथं नाती मोजतात. पर्सोना ५ मध्ये शत्रूशी बोलणी परत आली, पण लॉ-केऑस आलं नाही.

१२. गाइड उघडून खेळलं तर चालेल का?

फ्यूजनसाठी खुशाल उघडा. कोण अधिक कोण म्हणजे कोण, हे पाठ करण्यात काही थोरवी नाही.

प्रश्नांच्या उत्तरांसाठी मात्र पहिल्या खेपेला उघडू नका. आधी न्यूट्रल एंडिंग ठरवून मग त्याप्रमाणे उत्तरं टाकली, तर खेळ तुम्हाला काही विचारतच नाही, तुम्ही फक्त फॉर्म भरता. माझा आग्रह आहे की पहिली फेरी मनातलं बोलून खेळा आणि जो शेवट येईल तो घ्या. आपण लॉमध्ये निघालो म्हणून अस्वस्थ झालेली, आणि तरी ते नाकारू न शकलेली माणसं मी बघितली आहेत. ती अस्वस्थता म्हणजेच हा खेळ. दुसऱ्या फेरीला पाहिजे तो रस्ता पकडा.

१३. सुरुवात कुठून करू? माझ्याकडे साधा पीसी आहे.

पीसीवर नॉक्टर्नचा एचडी रीमास्टर आणि पाचव्याची व्हेन्जन्स आवृत्ती, दोन्ही मिळतात. पाचवा मूळचा २०२१ चा, फक्त निन्टेन्डो स्विचवर होता; व्हेन्जन्स २०२४ साली बाकी यंत्रांवरही आला. पीसी जुना असेल तर नॉक्टर्न घ्या, तो मुळात प्लेस्टेशन २ चा खेळ आहे.

विचारांसाठी खेळणाऱ्यालाही मी नॉक्टर्नच सांगेन. पाचव्यात हिंडायची मजा जास्त आहे, डीमन देखणे आहेत, बोलणी विनोदी आहेत, पण बाजू घ्यायची वेळ फार उशिरा येते. तिथली केऑसची बाजू मात्र आपल्याकडच्या माणसानं जरूर ऐकावी: एका देवाच्या सिंहासनाऐवजी पुन्हा अनेक देवांचं जग, प्रत्येक गावाचा आपला देव.

मराठीत नाही, हिंदीतही नाही, इंग्रजी वाचावं लागेल. खेळ मोठ्यांसाठी आहे, धाकट्या भावंडांच्या हातात देऊ नका. नॉक्टर्नमध्ये टर्मिनल नावाच्या ठरावीक जागी सेव्ह करण्याची सवय लावून घ्या आणि पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो तेव्हा टर्मिनल दिसलं की सेव्ह करूनच पुढं जा. माताडोर नावाचा बॉस लवकरच भेटेल. त्याच्याकडे जाण्याआधी वाऱ्याचा हल्ला सोसणारे डीमन पार्टीत घ्या, आणि त्याच्यापुढं हरलात तर खेळ बंद करू नका, फ्यूजन करायला परत जा.